विमानाच्या नाकातलं वजन

निवृत्त माणसानं दिवस कसा घालवावा हे सांगणाऱ्यांची आमच्या नगरच्या सावेडीत वानवा नाही. एक जण हास्यक्लबाला चला म्हणतो, दुसरा गच्चीवर ढोबळी मिरची लावा म्हणतो, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर मला रोज सकाळी मोबाईलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवतात. माझ्या खिडकीतून सूर्य दिसतो हे त्यांना माहीत आहे, तरी पाठवतात. मी विमानं करतो. प्लॅस्टिकची, एका वितेहून चार बोटं जास्त भरतील एवढी. मास्तरांनी एकदा विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हटलं, "नातवाला हातसुद्धा लावू देणार नाही." तेव्हापासून ते वर येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याचंही मला वाईट वाटतं.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी प्लॅस्टिकचे भाग तपासण्यात काढली. साच्यातून भाग बाहेर आला की त्याच्या कडेला जास्तीची पातळ पापडी येते, तिला फ्लॅश म्हणतात. ती कापायची, कुठे खड्डा पडलाय का ते उजेडात धरून बघायचं, आणि पुढचा भाग उचलायचा. स्कूटरच्या आरशाची मागची बाजू मी किती पाहिली असेल याला गणती नाही, पण त्यातली एकही कुठल्या स्कूटरला लागली ते पाहिलं नाही. म्हणून असेल, पण एखादी गोष्ट पहिल्या तुकड्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातानं पुरी करावी असं मला फार वाटायचं. सुटे भाग जोडायची ही विमानं मिळतात असं कळलं आणि मी त्यात पडलो तो पडलोच.

करतो ती फक्त बॉम्बफेकी विमानं. मला बॉम्बशी काही देणंघेणं नाही. लढाऊ विमानात माणूस बहुधा एकटा असतो, बॉम्बफेकी विमानात दोघं तरी असतात, एवढंच माझं कारण. आपल्या हवाईदलात पूर्वी कॅनबेरा नावाचं विमान होतं. त्यातल्या एका प्रकारात वैमानिक वर बसायचा आणि वाट दाखवणारा त्याच्या खाली, पुढे, काचेच्या नाकात पालथा पडायचा. दोघांना एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. बोलायचे ते हेडफोनच्या तारेवरून. या विमानाचा खोका मी मागवला तेव्हा त्या गोष्टीत मला काही विशेष वाटलं नव्हतं.

हे काम एकट्यानं करायचं असं लोक समजतात. माझं तसं नव्हतं. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग असतात, डावा आणि उजवा. ते चिकटवले की सुकेपर्यंत कुणीतरी दाबून धरावे लागतात. ते काम बायकोचं. ती खुर्ची ओढून समोर बसायची, दोन्ही हातांत धड धरायची आणि तेवढ्या वेळात सगळ्या कॉलनीच्या बातम्या सांगून मोकळी व्हायची. ती अकोले तालुक्यातली, डोंगराकडची. सावेडीत तीस-पस्तीस वर्षं काढली तरी बोलणं तिनं माहेरचंच ठेवलं. धडाचे भाग हातात घेण्याआधी ती दर वेळी एकच विचारायची, "आवो, वजन घातलं का?" गॅस बंद केला का, असं विचारावं तशा आवाजात.

वजनाची गोष्ट सांगायला हवी. या विमानांना पुढे एक चाक आणि मागे दोन. खऱ्या विमानाच्या नाकात माणूस असतो, यंत्रं असतात. प्लॅस्टिकचं नाक पोकळ. त्यात धड बंद करण्याआधी शिसं भरलं नाही तर चाकं लावून झाल्यावर विमान शेपटीवर बसतं आणि नाक वर करून छताकडे बघत राहतं. मग सगळ्या मेहनतीवर पाणी. ते शिसंही तीच आणायची. मोटारीच्या चाकाचा तोल साधायला रिमवर शिशाच्या पट्ट्या लावतात, त्या टायरच्या दुकानासमोर निघून पडलेल्या असतात. भाजी घेऊन येताना ती त्या वेचायची. दुकानदाराला काय वाटायचं कोण जाणे. आणलेलं शिसं ती ब्लाउजच्या खणाच्या तुकड्यात बांधून ठेवायची आणि बरोबर वेळेला माझ्यापुढे सरकवायची.

कॅनबेराचा खोका आला आणि मी पंख जोडायला घेतले, त्याच सुमारास लेकीच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला गेली. "तीन म्हैन्यांत येते," म्हणाली. तीन महिन्यांनी लेकीची रजा संपत आली. तिची नोकरी सुरू झाली आणि बाळाजवळ कुणीतरी हवंच होतं. मग सहा महिने झाले. मग त्याला दात आले, मग तो धरून उभा राहायला लागला, आणि येण्याबद्दल बोलणंच बंद झालं.

"पप्पा, तुम्हीच इकडे या ना," लेक म्हणते. जावईही म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. तो भला माणूस आहे, घोळ तिथेच आहे. वाईट असता तर नाही म्हणायला कारण तरी मिळालं असतं. पण आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहायला जात नाही. माझे वडील माझ्या बहिणीच्या सासरी पाणीदेखील प्यायचे नाहीत. ओट्यावर बसून ख्यालीखुशाली विचारायची आणि परतीची एसटी धरायची. मी इतका जुना नाही. लेकीकडे जेवतो, एखादा मुक्कामही करतो. पण बॅगेतले कपडे काढून जावयाच्या कपाटात लावायचे, हे मला जमण्यातलं नव्हतं. मी सांगायचो, पाण्याची वेळ चुकते, फ्लॅटला कुलूप बरं नाही. पाणी एक दिवसाआड येतं हे खरं आहे, पण एकट्या माणसाला लागतं किती? मला बायको घरी हवी होती, बाकी काही नाही. हे मी तिला कधी बोललो नाही.

घर मोठं वाटायला लागलं. डबा दुपारी यायचा, त्यातलंच अर्धं संध्याकाळी खायचो. दोन कप धुऊन पालथे घालायची सवय जाईना, म्हणून दुसरा कप न वापरताच धुवायचो. टीव्ही लावायचो तो कुणीतरी बोलत राहावं म्हणून. आणि टेबलाशी बसून कॅनबेरा सुधारत राहायचो.

सुधारण्यासारखं त्यात होतंही पुष्कळ. साचा जुना होता. पत्र्यांचे जोड दाखवायला सगळ्या अंगावर उठावाच्या रेषा दिलेल्या. खऱ्या विमानावर जोड असे वर आलेले नसतात. मी त्या सगळ्या पाण्यातल्या पॉलिशपेपरनं घासून काढल्या आणि शिवणाच्या सुईनं एकेक पुन्हा कोरली. सुई घसरली की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं आणि परत कोरायचं. गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे बारीक पट्टे कापून वैमानिकाच्या खुर्चीला बांधायचे पट्टे केले. भाग ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकून येतात त्यातली एक काडी निरांजनावर धरली, मऊ झाल्यावर ताणली आणि केसासारखी तार काढली. वाट दाखवणाऱ्याला पालथं पडायला खोक्यात नुसती एक सपाट फळी होती. तिच्यावर मी सुरकुत्यांसकट गादी केली. ती गादी मला फार आवडली. काच लावल्यावर ती कुणाला दिसणार नाही हे ठाऊक असूनही दोनदा मोडून तिसऱ्यांदा केली. घाई कुणाला होती?

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाईल नातवाच्या तोंडासमोर धरलेला असायचा, त्यामुळे मला तिचा एक कान आणि खांदा दिसायचा. नातवाचं कौतुक, पुण्याच्या भाजीला नावं ठेवणं, गोळ्या घेतल्या का, हे सगळं झालं की ती विचारायची, "विमान कुठवर आलं?" मी सांगायचो, रेषा कोरतोय. गादी करतोय. ती "बरं" म्हणायची. माझी विचारपूस करायला काही सापडत नाही, म्हणून बिचारी विमानाचं विचारते असं मी धरून चाललो होतो.

धड बंद करायची वेळ आली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी. मी गच्चीवरच्या दोरीचे कपड्यांचे चिमटे आणले, दोन भाग चिकटवून ओळीनं चिमटे लावले आणि बाजूला ठेवलं. काम छान झालं, तिच्या हातांपेक्षा सरळ. चिमट्यांचा एकच दोष, ते काही विचारत नाहीत.

पुढे पंख बसले, रंग झाला, चाकं लागली. तो दिवस मला आठवतो. सकाळचं पाणी भरून झालं होतं. हात पुसून मी कॅनबेरा उचललं, टेबलाच्या मध्यावर ठेवलं आणि हात काढला. विमानानं सावकाश नाक वर केलं, शेपूट टेकवली आणि बसलं.

मी पुन्हा नीट ठेवलं. पुन्हा बसलं. आधी मला हसू आलं. ज्याला सांगून हसावं असं घरात कोणी नाही हे लक्षात आलं आणि मग मला भयंकर राग आला. तिचा. तिनं विचारलं नाही म्हणून. एवढी रोज विमान कुठवर आलं विचारते, मग एक शब्द पुढे विचारायला काय झालं होतं? मी तिथेच बसून एकट्यानं बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. मग रडलो. साठीच्या पुढचा माणूस प्लॅस्टिकच्या विमानापुढे बसून रडतोय हे मास्तरांनी पाहिलं असतं तर हास्यक्लबाची वर्गणी त्यांनीच भरली असती.

शांत झाल्यावर म्हटलं, निदान काच तरी लावून टाकू, शेपटीखाली काडीचा टेकू देऊ. काचेचे भाग मी सगळ्यात शेवटी काढतो. ते वेगळ्या बंद पिशवीत येतात, आणि आधी उघडले तर ओरखडे पडतात, म्हणून त्या पिशवीला मी तोवर बोटही लावत नाही. खोक्याच्या तळातून ती उचलली आणि हाताला जड लागली. पिशवीचं तोंड आधीच उघडून परत नीट दुमडलेलं होतं. आत काचेच्या नाकाशेजारी खणाचा तुकडा होता, हिरवा, लाल काठाचा, वर दोऱ्याची तिची ती दुहेरी गाठ. सोडायची गरज नव्हती. आत शिसंच होतं.

मी ते पुडकं हातात धरून बसलो. पहिल्यांदा वाटलं, किती काळजी हिला. मग एकेक उलगडत गेलं. आजवर तिनं वजन कधी खोक्यात ठेवलं नव्हतं. ते ती धड बंद करायच्या दिवशी स्वतः पुढे सरकवायची. माझ्या कामाची गती तिच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. तीन महिन्यांत माझे पंखसुद्धा पुरे होत नाहीत. तीन महिन्यांत परत येणारी बाई धड बंद करायच्या वेळी समोरच्या खुर्चीत असणार होती. तिला वजन आधी बांधून ठेवायचं कारण नव्हतं. म्हणजे "तीन म्हैन्यांत येते" म्हणत बॅग भरत होती, तेव्हाच तिला माहीत होतं की ती येणार नाही. मी नको म्हणेन म्हणून तोंडानं बोलली नाही, आणि खोक्यात ठेवून गेली.

दुपारी नातू झोपलेला असतो, त्या वेळेला मी फोन लावला. ती घाबरलीच, कारण आपण होऊन मी कधी करत नाही.

"वजन सापडलं," मी म्हटलं.

तिकडे दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आत्ता सापडलं?" ती म्हणाली.

"काचेच्या पिशवीत कुणी ठेवतं का? ती मी सगळ्यात शेवटी उघडतो."

"मला काय ठावं? खोक्यावरच्या चित्रात नाक काचंचं हाय. वजन नाकात घालायचं, म्हनून नाकासंगं ठेवलं." मग खालच्या आवाजात ती म्हणाली, "मला वाटलं, कवाच सापडलं असंल तुमाला, अन् मी काय परत येत न्हाई, तुमीच इकडं यायचं, हे उमजलं असंल. रोज इचारत हुते, कुठवर आलं. सापडूनबी तुमी येत न्हाई म्हनल्यावर मी आनखी काय बोलनार?"

मी इकडे ती येण्याची वाट बघत होतो आणि ती तिकडे माझी. आणि दोघं रोज संध्याकाळी पुण्याच्या भाजीवर बोलत होतो.

"माझं टेबल कुठं मावणार तिथं?" मी शेवटी म्हटलं.

"बाल्कनीतल्या कुंड्या मी लई आधीच सरकवल्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ती सुरकुत्यांची गादी चिमट्यानं उपटून काढली. तिच्यामागची पातळ भिंत फोडली, पोकळीत शिशाच्या पट्ट्या दाबून बसवल्या आणि लांबीनं बुजवलं. गादी काही परत बसली नाही. विमान टेबलावर ठेवलं, ते तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

नाकाची काच मी अजून लावलेली नाही. ती चिकटेपर्यंत कुणीतरी धरून बसावं लागतं, आणि तिला चिमटा लावता येत नाही. मी ती त्याच हिरव्या खणात गुंडाळली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवली. या वेळी बॅगेत कपडे जरा जास्त आहेत.