आप्पांच्या मोबाईलमधलं रान

आमच्या घरात मोबाईलवर न खेळणारं कोणी नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बायको शब्द जुळवते. मुलगी अभ्यासाच्या नावाखाली साप वळवळवत बसते. मी धायरीहून हडपसरला कंपनीच्या बसने जातो आणि जाता-येता रंगीत गोळ्या फोडतो. चाळिशी उलटलेला, हाताखाली माणसं असलेला इसम भर ट्रॅफिकमध्ये गोळ्या फोडतोय, याची खरं तर लाज वाटायला हवी. ती कधी वाटली नाही. लाज वाटायची ती वडिलांच्या खेळाची.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्या मोबाईलमध्ये शेतीचा खेळ आहे, मुलीनेच घालून दिलेला. बोटाने नांगरायचं, पेरायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे, पीक विकायचं, वरच्या लेव्हलला जायचं. पोराटोरांचा खेळ. तो उघडला की आधी कोंबडा आरवतो, आणि आवाज बंद करणं आप्पांना जमत नाही किंवा जमवून घ्यायचं नसतं. एकदा माझे साहेब घरी चहाला आले होते, तेव्हा कोपऱ्यातून कोंबडा आरवला. साहेब हसून म्हणाले, "काय काका, काय चाललंय?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "रान मोकळं ठेवलंय. उन्हाळा हाय." साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी घाईघाईने बिस्किटं पुढे केली.

कारण आप्पा तो खेळ ऋतू बघून खेळायचे. खेळातला गहू दोन मिनिटांत पिकतो. आप्पा तो दिवाळी झाली की पेरायचे आणि होळीच्या सुमारास काढायचे. मधल्या काळात रोज उघडून नुसते बघायचे. पावसाळ्याची पिकं पावसाळ्यात, आणि उन्हाळ्यात काहीच नाही, जमिनीला विश्रांती. खेळ बिचारा त्यांच्या विनवण्या करायचा, पेरा, विका, जागा वाढवा. ते सगळं आप्पा माशी हाकलावी तसं बोटाने बाजूला सारायचे. मुलीच्या मैत्रिणी जिथे आठवड्याभरात पोचल्या होत्या तिथे आप्पा वर्षानुवर्षं मुक्कामाला होते. मी चार लोकांत त्याची गंमत करून सांगायचो. लोक हसायचे, आणि तेही मला आवडायचं.

आमचं खरं रान आता आमच्या सोसायटीच्या खाली आहे. चुलतभाऊ आणि मी मिळून ते बिल्डरला दिलं. आप्पांना विचारलं नाही असं नाही. सगळं ठरल्यावर विचारलं. बांधावरची चिंच तोडायची होती तेव्हा त्यांना दोन दिवस खडकवासल्याला त्यांच्या बहिणीकडे पाठवून दिलं होतं. परत आल्यावर त्यांनी चिंचेची चौकशी केली तेव्हा मी म्हणालो, "काढली आप्पा. पार्किंगला जागा होत नव्हती." ते बरं म्हणाले. त्यांना पटलं असं मी धरून चाललो, कारण ते मला सोयीचं होतं.

या मे महिन्यात आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस मोबाईल बघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्यावर आप्पांनी उशाचा मोबाईल चाचपून माझ्या हातात दिला.

"कोंबड्यास्नी दाणं टाकत जा. बाकी कशाला हात लावू नको."

मोबाईल मी बसमध्ये न्यायला लागलो. आप्पांना फोन येतातच किती, असा त्यात हिशेब होता. पहिले काही दिवस इमानदारीत दाणे टाकले आणि मोबाईल खिशात ठेवला. पण माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांसमोर रिकामी जमीन किती दिवस ठेवणार? सगळे वाफे मोकळे, गोदामात कुऱ्हाडी साठून पडलेल्या, आणि अर्धी जागा जंगली झाडांनी अडवलेली. ही झाडं खेळात मुळातच असतात. ती तोडून जागा मोकळी करायची असते, कुऱ्हाडी त्याचसाठी मिळतात. आप्पांनी एकाही झाडाला हात लावलेला नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्याला कळलेलंच नाही.

स्वारगेटच्या सिग्नलला मी पहिलं झाड तोडलं. बोट टेकवलं की ते थरथरतं आणि पाचोळा उडवून नाहीसं होतं. मजा येते हो, खोटं कशाला सांगू. हडपसर येईपर्यंत खेळातल्या ओढ्याकाठचा कोपरा साफ झाला होता. मग गहू पेरला, काढला, परत पेरला. बेकरी बांधली, दुधाची डेअरी टाकली. आठवड्याभरात आप्पांचं रान असं काही वर गेलं की मुलीनेही तोंडात बोट घातलं असतं. मी तिला सांगितलं नाही, सगळ्यांनाच एकदम दाखवायचं होतं. आणि रोज संध्याकाळी डोळ्यावर काळा चष्मा लावून पडलेले आप्पा विचारायचे, "टाकलं का रं दाणं?" मी म्हणायचो, "टाकलं." खोटं नव्हतंच ते.

मोबाईल बघायला परवानगी मिळाली तो रविवार होता. बायको, मुलगी, सगळे बाहेरच्या खोलीत होते. मी मोबाईल आप्पांच्या हातात दिला आणि बक्षीस समारंभाला उभं राहावं तसा शेजारी उभा राहिलो. कोंबडा आरवला. आप्पांनी मोबाईल लांब धरला, मग जवळ आणला. नव्या डोळ्याने त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. वैशाखात उभा असलेला गहू दिसला. बेकरी दिसली. बोटाने ते हळूहळू कोपऱ्याकडे गेले, परत मागे आले, पुन्हा कोपऱ्याकडे गेले.

"झाडं कुठं हायत?"

"काढली आप्पा. जागा होत नव्हती."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. मान वर करायची हिंमत झाली नाही. आप्पा "बरं" म्हणाले, तेही तसंच. आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्या "बरं"मध्ये पटणं कधीच नव्हतं.

"बाबा, सीरियसली?" मुलगी म्हणाली. "आजोबांनी ती मुद्दाम ठेवली होती. मी एकदा तोडायला गेले तर ते म्हणाले, असू दे, पाखरं बसत्यात."

खेळात त्या झाडांवर खरोखरच पाखरं बसतात. आठवडाभर त्या रानात राबलो, मला दिसली नव्हती.

"अहो, विचारायचं तरी," बायको म्हणाली. यावर मी जे बोललो त्याचीही लाज वाटते. मी चिडलो. म्हणालो, खेळ आहे तो, एवढं काय त्यात! मी माझ्या वेळेतून केलं, कौतुक तर राहिलंच बाजूला! आप्पाच मला समजवायला लागले, "असू दे, असू दे, चांगलं केलंस." ते ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी खेळातल्या दुकानातून झाडं घेतली. शोभेची मिळतात, मोठी, डेरेदार. कोपऱ्यात जिथे होती तिथे आठवून आठवून लावली आणि आप्पांना दाखवली. त्यांनी नीट पाहिली. एका झाडावर बोट ठेवलं, तर ते जागचं उचललं गेलं आणि बोटाबरोबर सरकायला लागलं. आप्पांनी ते अलगद परत ठेवलं.

"ही लावल्याली हायत," ते म्हणाले. "ती आपली आपण आल्याली व्हती." त्यात राग नव्हता. मला फरक माहीत नसेल म्हणून सांगितला, इतकंच.

त्यानंतर कोंबडा आरवेनासा झाला. मी ऑफिसातून आलो की कान देऊन बसायचो. ज्या आवाजाने कधीकाळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तो यावा म्हणून मी मनातल्या मनात आर्जवं करत होतो. आप्पा खिडकीशी बसून खालचं पार्किंग बघायचे. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही बोला त्यांच्याशी." काय बोलणार? माफी मागायची तर ती कुठल्या झाडाची मागायची, हे मला ठरवता येईना.

परवा, म्हणजे जून लागल्यावर, शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आप्पा माझ्या खोलीच्या दारात आले. हातात मोबाईल होता, खेळ उघडलेला होता. आत येईनात. मीटिंग चालू आहे का ते आधी वाकून पाहिलं.

"त्या कोपऱ्यात मका टाकावा म्हणतोय," ते म्हणाले. "का तुजं काय ठरलंय तिथं?"

टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असता तर मी तो आनंदाने घेतला असता. टोमणा नव्हता.

"आप्पा, तुमचंच आहे ते," मी म्हणालो. "मला कशाला विचारताय?"

"तसं न्हाय. मागनं काढायला लागण्यापरीस आधी इचारल्यालं बरं."

आणि माझ्या उत्तराची वाट बघत ते दारातच उभे राहिले.