सातव्या मजल्यावरची फुकट खोली

आमच्या साडूंनी जितक्या हॉटेलांत मुक्काम केला तितक्या हॉटेलांत अख्ख्या लातूर जिल्ह्यात कुणी केला नसेल, आणि त्यांतल्या एकाही खोलीत ते कधी झोपले नाहीत. ही दोन्ही विधानं अक्षरशः खरी आहेत. डाळ मिलला लागणाऱ्या चाळण्या, पट्टे आणि बेअरिंगा विकणाऱ्या एका कंपनीचे ते फिरते प्रतिनिधी. आज गुलबर्गा, उद्या अकोला, परवा इंदूर. जिथे तुरीची डाळ होते तिथे साडू पोचतात. कंपनी खोलीचं भाडं देते, म्हणून साडू इमानेइतबारे तळमजल्यावरची खोली घेतात. बॅग पलंगावर ठेवतात, आंघोळ करतात, टीव्हीवरच्या बातम्या दाराच्या चौकटीत उभं राहून बघतात आणि मग खोलीला कुलूप घालून, सतरंजी काखेत मारून बाहेर पार्किंगमध्ये झोपायला जातात. "खोली बॅगंला हाय," ते म्हणतात. "बॅगंला काय झालं तर कंपनी दुसरी देती."

अकोल्याच्या एका मॅनेजरला हे बघून फार वाईट वाटलं. गिऱ्हाइकाला खोली पसंत नसावी असं समजून त्याने स्वतःच्या अधिकारात मोठी, एसीची खोली दिली. साडूंनी त्याचे मनापासून आभार मानले, बॅग मोठ्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत पार्किंगमध्ये येऊन आडवे झाले. गावोगावचे वॉचमन त्यांचे जिवलग दोस्त आहेत. लग्नाच्या पत्रिका येतात, कुणाच्या घरी बारसं असलं तर फोन येतो. मॅनेजर लोक मात्र त्यांना जरा वचकून असतात, कारण आत शिरल्याबरोबर साडू आधी खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि मग नाव लिहितात.

आम्ही नांदेडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी शाळेत गणित शिकवतो. साडू आमच्याकडे दरवर्षी येतात, पण आमचं घर त्यांनी आतून पाहिलेलं नाही. आमची बायको त्यांच्यासाठी पुरणपोळीचं ताट खाली घेऊन जायची आणि साडू दोन स्कूटरच्या मध्ये मांडी घालून जेवायचे. वरून तूप मागवायचं तर जिन्यातून ओरडावं लागे. पहिल्या वर्षी सोसायटीतल्या लोकांना वाटलं, आम्ही पाहुण्याला हाकलून दिलंय. खालच्या मजल्यावरच्या खालाजान तर आपल्या घरातून खुर्ची घेऊन आल्या आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागल्या की मला चार दिवस जिन्यातून मान खाली घालून जावं लागलं.

या सगळ्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी ते विचारत नसे. भूकंप झाला तेव्हा साडू बिनलग्नाचे, विशीतले होते. त्यांचं गाव औशाच्या पलीकडे. गणपती विसर्जनाची रात्र होती, मंडळाच्या पोरांबरोबर नाचून त्यांना घरी यायला फार उशीर झाला. दाराला आतून कडी होती. आई दिवसभराची दमलेली, तिची झोप कशाला मोडा, म्हणून त्यांनी कडी वाजवली नाही आणि ते देवळासमोरच्या पारावर जाऊन झोपले. पहाटेपूर्वी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, असं घर पडतं तेव्हा त्याची कबरच होते. आई, वडील आणि धाकटी बहीण. साडूंनी हातांनी माती उकरली. त्यांच्या उजव्या हाताची दोन नखं पुढे कधी सरळ आली नाहीत. एवढंच मला माहीत आहे आणि तेही सासऱ्यांनी सांगितलेलं. नंतर बरीच वर्षं त्यांच्या गावचे सगळेच लोक उघड्यावर झोपत होते. पुढे नवी घरं मिळाली, लोक हळूहळू आत गेले. साडू बाहेरच राहिले.

लातूरला त्यांनी जागा घेतली तेव्हा तिथे बाभळी होत्या. मग क्लासवाले आले आणि त्यांच्यामागून डॉक्टर होण्यासाठी जन्माला घातलेली पोरं आली. बघता बघता आजूबाजूच्या प्रत्येक घराला मजले फुटले. माणसं स्वतः एका खोलीत राहून बाकीच्या खोल्यांत परगावची पोरं भरू लागली. आमच्या साडूंचं घर तेवढं पत्र्याचं आणि पुढे मोठं अंगण. शेजारी म्हणायचे, "अवो, सोन्याच्या जाग्यावर पत्रा टाकून बसलाव की!" साडू शांतपणे म्हणायचे, "पत्रा डोक्यात पडला तर टेंगूळ येतं. स्लॅब पडला तर येत न्हाई." त्या पत्र्याखाली मेहुणी झोपायची आणि अंगणात बाजेवर साडू. पाऊस आला की बाजेवर ताडपत्री.

मेहुणी ही आमच्या बायकोची धाकटी बहीण, मोठी हसरी बाई. मूल झालं नाही, त्याबद्दलही ती कुणी बोलायच्या आत स्वतःच काहीतरी चावट बोलून मोकळी व्हायची. तिची एकच हौस राहून गेली होती. नवरा गावोगाव हॉटेलात उतरतो आणि आपण एकदाही हॉटेल आतून पाहिलेलं नाही. "दाजी," ती मला म्हणायची, "ह्येंच्या बॅगंचं नशीब माझ्यापरीस बरं हाय."

अशा माणसाला एका बँकेनं हॉटेलांचं क्रेडिट कार्ड दिलं. मिलवाल्यांच्या एका मेळाव्यात बँकेच्या बाई आल्या होत्या. तुम्ही एवढं फिरता, हॉटेलांवर एवढा खर्च करता, मग हे कार्ड घ्या, पॉइंट साठतील आणि आमच्या हॉटेलांत फुकट राहता येईल, असं त्यांनी सांगितलं. साडूंनी सही केली. कार्ड घरी आलं तेव्हा मात्र त्यांच्या मनात शंका आली, की हे वापरणं फायद्याचं आहे का? इथून आमच्या कुटुंबात जो विषय सुरू झाला तो काही वर्षं संपला नाही. साडू रविवारी सकाळी फोन करायचे. गणिताचा मास्तर म्हणून मी बांधलेलाच. वर्षाची फी किती, त्याच्या बदल्यात एक रात्र फुकट मिळते ती कुठे, पॉइंट किती दिवसांनी मरतात, हे सगळं मी त्यांना समजावून दिलं. ज्या गावांना ते जायचे त्या गावांत या कंपनीचं एकही हॉटेल नव्हतं. सगळ्यात जवळचं म्हणजे हैदराबादचं. मी म्हणालो, "साडूभाऊ, तोट्याचं काम आहे. बंद करा."

"पण साडूभाऊ," ते म्हणाले, "ती फुकटची रात दोघांची हाय. म्या बाहेर झोपनार. म्हंजी अर्धी वायाच. मंग तोटा दुप्पट धरायचा का न्हाई?"

हा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. साडूंनी तो मिलवाल्यांना विचारला, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला विचारला, सनदी लेखापालाला विचारला. शेवटी प्रत्यक्ष बघून ठरवू म्हणून ते हैदराबादला जाऊन आले. काचेची चकचकीत इमारत. साडू खांब शोधत आत फिरू लागले. तिथला माणूस अदबीनं म्हणाला, "साब, पिल्लर अंदर कू है, दिखता नै." जो खांब दिसत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणत साडू परत आले. तरी कार्ड काही त्यांनी बंद केलं नाही. हॉटेलांची बिलं त्याच्यावर, किराणा त्याच्यावर, पॉइंट साठतच राहिले. मेहुणी म्हणाली, "येवढा इचार तर मला बघायला आले तवा बी केला न्हवता."

मग मेहुणी आजारी पडली. गाठ निघाली, लातूरच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि हैदराबादला जायला सांगितलं. तिथे दररोज मशीनखाली झोपवून शेक द्यायचा, तोही कित्येक आठवडे. दवाखान्यात राहायची सोय नव्हती. चालत जाण्याच्या अंतरावर एकच बरी जागा होती, ती साडूंच्या कार्डाची. साठलेल्या पॉइंटांत बरेच दिवस निघत होते. साडूंनी झटपट बेत मांडला. मेहुणीबरोबर खोलीत आमची बायको राहील, ते स्वतः खाली वॉचमनजवळ.

मेहुणी नाही म्हणाली. तिला आम्ही कधी हट्ट करताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी आम्हाला ते कळलंच नाही. "ताई नको, कुणीच नको," ती म्हणाली. "रातच्याला मला भ्या वाटतं. ह्ये आत येनार असतील तर शेक घेते. न्हाईतर मला लातूरला घेऊन चला." आमच्या बायकोनं समजूत घातली, मी रागावलो, डॉक्टरांनी सांगितलं की एकेक दिवस मोलाचा आहे. ती हसायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायची. साडू कार्ड काढून त्याच्याकडे बघायचे आणि परत खिशात ठेवायचे.

शेवटी मी, साडू आणि मेहुणी असे तिघं हैदराबादला गेलो. खोली सातव्या मजल्यावर निघाली. खालची द्या म्हणून मी काउंटरवर बरीच हुज्जत घातली, पण फुकटच्या खोल्या वरच होत्या. मेहुणी आणि मी लिफ्टनं वर गेलो. साडू म्हणाले, मी जिन्यानं येतो. मी मनात म्हणालो, हा माणूस आता लातूरच्या गाडीत दिसेल.

मेहुणी गादीवर बसून ती कशी दबते ते बघत होती. पडदा सरकवून तिनं गाव पाहिलं, नळ सोडून गरम पाणी पाहिलं. चेहऱ्यावरचं मांस उतरलं होतं आणि डोळे जत्रेत आल्यासारखे. बराच वेळ गेला. मी उठून खाली बघून यायला निघालो तेव्हा साडू दारात दिसले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. पाय पुढे पडत नव्हता. मी "या, या" म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांची नजर छतावर होती.

मेहुणी उठली. चहाच्या किटलीशेजारी साखरेच्या पुड्या ठेवल्या होत्या, त्या सगळ्या फोडून तिनं काचेच्या ग्लासात ओतल्या. ग्लास पुरता भरला नाही म्हणून दुधाच्या भुकटीच्याही पुड्या ओतल्या. मग भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेली आणि तो ग्लास तिनं उंबऱ्यावर, साडूंच्या पायांसमोर ठेवला. नवी नवरी घरात येताना तांदळाचं माप ठेवतात तसा.

"आपल्या लग्नात म्या लवंडलं व्हतं," ती म्हणाली. "आता तुमची बारी. उजवा पाय. आन् नाव घ्या."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. साडूंनी छतावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव, आणि तेही इतक्या हळू की मी तोंड फिरवलं. उजव्या पायाच्या अंगठ्यानं ग्लास लवंडला, साखर गालिच्यावर सांडली आणि आमचे साडू तरुणपणानंतर पहिल्यांदा पक्क्या छपराखाली राहायला आले.

ते तिथे झोपले असं मी म्हणणार नाही. मेहुणीनं नंतर आमच्या बायकोला सांगितलं, की ते पलंगाला टेकून जमिनीवर बसायचे आणि तिचा हात धरून ठेवायचे. सुरुवातीला लिफ्ट सरकली तरी दचकायचे. ती मात्र गाढ झोपायची. एकदा तिनं विचारलं, एवढं भ्या वाटतं तर आत कसे आलात? ते म्हणाले, "त्या टायमाला म्या बाहेर व्हतो."

शेक झाला, औषधं झाली, डॉक्टरांनी आशाही दिली. काहीच पुरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात लातूरच्या घरी मेहुणी वारली. तिच्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

मग कार्डाची वर्षाची फी भरायची वेळ आली आणि रविवारी सकाळी साडूंचा फोन आला. मी म्हणालो, आता तरी बंद करा. ते म्हणाले, "करतो. पन वर्षाची येक रात आलीया. तुमी दोघं जावा. दोघांची हाय ती, म्या येकट्यानं घेऊन काय करू?" आम्ही हो म्हणालो, पण आमचं पाऊल काही निघालं नाही. ती रात्र तशीच बुडाली. मग मीच एकदा विचारलं, "शेवटी काय ठरलं साडूभाऊ, फायद्याचं होतं का कार्ड?" ते म्हणाले, "लई."

गेल्या दिवाळीत लातूरला गेलो. जेवणं झाली, मी हात धुऊन अंगणात आलो तर साडूंची बाज तिथे नव्हती. आत पत्र्याखाली, मेहुणीचा पलंग असायचा तिथे टाकलेली. मी विचारलं, "बाहेर झोपत नाही का आता?"

"कशाला?" साडू म्हणाले.

इतकी वर्षं हा माणूस एकदाचा आत झोपावा म्हणून आम्ही त्याची थट्टा केली, समजूत घातली, नवस बोलायचेच काय ते राहिले होते. आणि आता तो आत झोपत होता. भीती गेली म्हणून तो आत आला नव्हता. वरचं छप्पर राहिलं काय आणि पडलं काय, त्याला आता सारखंच झालं होतं. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "साडूभाऊ, आज आपण दोघं अंगणातच झोपू."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "का वो? भ्या वाटायलंय का तुमाला?"

"हाव," मी म्हणालो. "लई."

साडूंनी वाकून बाजेचं एक टोक उचललं आणि दुसरं मला धरायला सांगितलं.