जॉरीच्या बाकावरची ओळ

आमच्या बंदरावर कुणी वारलं की धक्क्यावर त्याच्या नावाचा बाक बसवतात. बाकाला पितळी पट्टी, पट्टीवर नाव आणि खाली एक ओळ. ती ओळ द्यायची डेन्झिल ट्रेविननं, हे ठरलेलंच.

डेन्झिल बस चालवायचा. कुणाचंतरी बसमध्ये विसरलेलं एक चोपडं त्यानं ठेवून घेतलं: जुन्या ग्रीक युद्धकाव्याच्या इंग्रजी भाषांतरातल्या गाजलेल्या ओळी. नुसत्या ओळी, मागचंपुढचं काही नाही. त्यानं सगळ्या पाठ केल्या. माझ्या चहाच्या टपरीवर बसून तो प्रत्येकासाठी ओळ निवडायचा आणि निवडताना खरंखुरं रडायचा. त्या रडण्यासाठीच त्याच्यावर आमचा जीव.

जॉरी पास्को बोटीसकट बुडाला. सापडलाच नाही. त्याच्या बायकोला, मोर्वेनाला, डेन्झिलनं ओळ दिली: ‘नीज आता निवांत, घरी तुझी बायको वाट पाहते आहे.’ तिला कबर कुठली? ती रोज त्याच्या बाकावर येते, ओळीवरून बोट फिरवते आणि मगच घरी जाते.

परवा डेन्झिल आला तो पांढराफटक पडलेला. नातीनं त्याला अख्खं काव्य भेट दिलं होतं.

“अगं, जॉरीच्या बाकावरची ती ओळ मारणारा म्हणतो! भाला खुपसून, मुडद्यावर पाय देऊन, हसत हसत. टोमणा आहे तो!”

मी किटली खाली ठेवली. माझ्या वडिलांच्या बाकावरची ओळ कुणाच्या तोंडची, हे विचारायचा धीरच झाला नाही.

“मेल्या, मोर्वेनापाशी बोलू नकोस!”

“बोलतोय कशाला? पट्टीच काढतो.”

तो स्क्रू काढत होता, तेवढ्यात मोर्वेना आली. त्याला थाप मारता येत नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं.

ती मटकन बाकावर बसली. “हसत म्हणाला?”

“हो.”

“आणि मी इतकी वर्षं हेच कुरवाळत बसले?”

डेन्झिलनं उरलेला स्क्रू काढला. मग तिनं विचारलं, “त्या मेलेल्याची बायको खरंच वाट पाहत होती?”

“होती. त्याच्यासाठी पाणी तापवत ठेवलं होतं तिनं. तिला कुणी कळवलंच नव्हतं.”

मोर्वेनानं डोळे पुसले नाहीत. सुटलेली पट्टी तिनं पदरात घेतल्यासारखी मांडीवर धरली आणि मग त्याच्यापुढे केली.

“बसव परत,” ती म्हणाली. “घट्ट बसव. ती ओळ त्या वाट पाहणारीची आहे.”