चटईवरून ऐकलेलं स्तोत्र

"बस खाली. तुझं ते हाय-नाय ऐकायला आलोय का आम्ही?"

मिशन दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई बाकावरूनच म्हणाल्या. मान न वळवता, चर्चमध्ये, भर उपासनेत. बाकांवर हसू पसरलं. मी अर्धी उठले होते, तशीच चटईवर बसले. शेजारी आई होती.

दुष्काळाचं साल. आई सिन्नरकडच्या आमच्या गावाहून आली होती, खडी फोडायच्या कामावर खाडा करून. मी नाशकात मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकत होते. चर्चमधले बाक जुन्या ख्रिस्ती घराण्यांचे. आम्ही गावाकडचे मागे, चटईवर. दर रविवारी स्तोत्र वाचायची डॉक्टरीणबाईंची मुलगी सुनंदा. त्या दिवशी तिचा घसा बसला होता, म्हणून पाळकसाहेबांनी मला वाचायची खूण केली होती. मला ते स्तोत्र पाठ होतं.

शेवटी सुनंदानेच वाचलं. घोगऱ्या आवाजात, अडखळत. मी बघत राहिले. तिचा इस्त्रीचा फ्रॉक. पांढरे मोजे. कौतुकाने बघणारी तिची आई. मला ते सगळं हवं होतं. तिचा घसा कायमचा बसावा, असंही वाटलं. देवाच्या घरात बसून वाटलं.

स्तोत्र येणाऱ्या राजाचं होतं. तो गरिबाची हाक ऐकेल, जुलूम करणाऱ्याला चिरडेल, कापल्या गवतावर पाऊस यावा तसा येईल. आई पुटपुटली, "हे तर आपलंच हाय गं. त्यांना कशाला पायजे राजा?"

त्या क्षणी मला कळलं. हाक ऐकणारा उच्चार तपासत बसत नाही.

बोर्डिंगने मला जेवण दिलं, शाळा दिली. मी बी.ए. झाले, घरातली पहिली. ते उपकार मी विसरणार नाही. निकालानंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाताळात तू वाच हो. आता छान शुद्ध बोलतेस."

नाताळात मी आईला घेऊन गेले. पहिल्या बाकावर बसवलं, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी. त्या जरा सरकल्या. आई सरकली नाही. मी वाचायला उभी राहिले, पुस्तक मिटलं आणि आईच्या बोलीत म्हणाले, "त्यो येणार हाय. गरिबाची हाक त्यो ऐकणार हाय."

कोणी हसलं नाही.

सुनंदाबद्दलचा मत्सर अजून गेलेला नाही. ती जन्मापासून बाकावर होती. मला तिथे जायला पदवी लागली. त्या राजाची वाट मीही बघते. पण चटईवर बसून बघणार नाही.