एका घरात एकाच नावाचे दोघे

परभणी सोडून हिंजवडीत नोकरीला लागलो, तेव्हा जवळच्या नांदे गावात एका शेतकरी कुटुंबाकडे खोली घेतली. पहिल्याच दिवशी घरमालकीण काकूंनी माझं नाव विचारलं आणि कपाळावर हात मारला.

"आमच्या थोरल्याचंबी ह्येच नाव हाय की! एकाला हाक मारली का दोघंबी हुबं ऱ्हाणार."

तोडगाही त्यांनीच काढला. थोरल्याचं नाव तसंच राहिलं आणि माझ्या नावाआधी 'खोलीवाला' लागलं. मला राग आला. गाव सुटलं होतं, निदान नाव तरी नुसतं हवं होतं.

गंमत म्हणजे ऑफिसात मी नेमकं हेच करत होतो. बाहेरून आयता आणलेला कोड आमच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा, तर त्यातली काही नावं आमच्याच नावांशी जुळायची. प्रोग्रॅम हाक मारायचा एकाला आणि उठून यायचा भलताच. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? मग बाहेरच्या प्रत्येक नावाआधी एक ठरलेला शब्द जोडायचा. घरच्या नावाला हात लावायचा नाही.

थोरल्याला हे सांगितलं तर तो खदाखदा हसला. "मंग आमच्या आईलाच घ्या की कामावर!"

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसायचा. या मुलखात मला तेवढा एकच मित्र होता. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या चांदे गावाच्या वळणावर डंपरनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि तो जागीच गेला.

काही महिन्यांनी ऑफिसात आमच्या प्रोग्रॅममधला, ती जुळणारी नावं असलेला जुना भाग काढून टाकला. आता नावं अडत नाहीत, जोडलेले शब्दही काढ, असं साहेब म्हणाले. मी काढले. सगळं सुरळीत चाललं, कुणाला काही जाणवलंसुद्धा नाही. मला मात्र दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

त्याच आठवड्यात एका तिन्हीसांजेला काकूंनी हाक मारली. नुसतं नाव. मी "ओ" देऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. चुलीपुढून त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

"तुला न्हाई रं," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला मारली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे वळलो, तर त्यांनी ताट पुढं सरकवलं. "बस खोलीवाल्या. त्याच्या वाटणीची भाकरी झालीया."

पुढेही कधीकधी त्या तशीच हाक मारायच्या. मी खोलीत बसून ऐकायचो आणि गप्प राहायचो.