पंखातली फट

सासूबाईंना गावात सगळेच काकू म्हणत; सून तेवढी आई म्हणे. जातिवंत काळ्या कोंबड्यांचा वाण त्यांनी माहेराहून आणला होता आणि संसारभर त्यात बाहेरचं रक्त येऊ दिलं नव्हतं. लोक आपापले पक्षी त्यांना दाखवायला आणत. काकू पक्षी मांडीवर घेत, पंख उलगडत आणि निकाल देऊन मोकळ्या होत. बाहेरची लांब पिसं आणि आतली आखूड पिसं यांच्या मधोमध एक छोटं पीस असतं. ते मुळातच नसलं की पंखात फट राहते, आणि ती पिल्लांत उतरते. "दिसायला राजा आहे हो, पण लेकरं फाटक्या पंखांची निघतील," असं त्या तोंडावर सांगत. माणसं हिरमुसून जात आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याकडेच येत.

अलीकडे काकूंना कमी दिसू लागलं होतं. घरात त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. त्या बोटांनी बघत.

रोगाच्या साथीत बाकीचे नर गेले आणि वाणाचा एकच कोंबडा उरला. त्याची पिसं झडली तेव्हा सुनेला त्याच्या पंखात फट दिसली. काकूंनी चाचपून पाहिलं आणि नवं पीस फुटतंय, कोंब हाताला लागतोय, असं सांगून तिला वाटेला लावलं. बाकीची सगळी पिसं भरून आली. फट तशीच राहिली.

मग एक पैदासवाला पिंजरा घेऊन कोंबडा न्यायला आला. काकूंनी पंख उलगडून दाखवला, निर्मळ आहे म्हणाल्या. पाहुणा वाकूनसुद्धा बघेना. काकूंनी बघितलं म्हणजे झालं, म्हणाला. चहा घेऊन आलेली सून दारातच थबकली. आज गप्प बसलं, तर पुढच्या वर्षी काकूंचा शब्द दहा अंगणांत खोटा पडणार होता. तिने पुढे येऊन कप पाहुण्यासमोर ठेवले.

"आई, जरा बोट द्या."

"पाहुण्यांसमोर मला शिकवणार आहेस?"

"तुम्हीच शिकवलंय. द्या ना."

तिने काकूंचं बोट धरून तीळभर सरकवलं. "तेव्हा कोंब म्हणून लागला तो शेजारच्या पिसाचा देठ. आता इथे बघा."

तिथे कोंब नव्हता. कातडी गुळगुळीत होती. काकूंचं बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. पाहुणा कपात बघत राहिला.

"पैदाशीला नाही चालायचा," काकू म्हणाल्या. लोकांच्या पक्ष्यांबद्दल सांगत तसंच, सपाट आवाजात. पाहुणा संकोचून म्हणाला, तुमच्या घरचा आहे, तसाच नेतो. काकूंनी त्याला चहा निवायच्या आत प्यायला सांगितलं.

तो रिकामा पिंजरा घेऊन गेला, तशा काकू भिंत धरत खुराड्याकडे निघाल्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंडी त्याच कोंबड्याची.

"राहू द्या ना, आई," सून मागून म्हणाली. "जीव धरलाय त्यांनी."

"म्हणूनच आज. पिल्लं बाहेर आली की माझाही हात उठायचा नाही."

त्यांनी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तिने टोचलं, पुन्हा टोचलं. काकूंनी हात मागे घेतला नाही. एकेक उबदार अंडं काढून सुनेच्या हातात देत राहिल्या, आणि ती कुठे ठेवावीत हे सुनेला कळेना.