मृणालचा भरवशाचा काका

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा माझी मुलगी मृणाल शेजारीच बसली होती. मी नुसतं "कधी?" विचारलं आणि ती हमसून रडायला लागली. खरं सांगतो, मला आधी दुःख झालंच नाही. वाटलं, मी गेल्यावर ही एवढी रडेल का?... दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. रेल्वेत इंजिन चालवायचा. ड्युटीवर चढण्याआधी दारू तपासायच्या यंत्रात फुंकायचं आणि आकडा शून्यच यायला हवा, हा तिथला नेम. निवृत्तीनंतर त्यानं तसलंच एक छोटं यंत्र विकत घेतलं, आणि आमच्या रायपूरच्या गोतावळ्यातल्या प्रत्येक जेवणाला ते त्याच्या खिशातून निघू लागलं. आकडा जास्त आला, की गाडीची किल्ली सुधाकरकडे. मला चार शब्द ऐकवल्याशिवाय न राहणारे माझे पुतणे त्याला मुकाट्यानं किल्ली देत. तो पीत नव्हता असंही नाही. होळीला दोन पेग घ्यायचा, पण त्या दिवशी गुढियारीतल्या घरून ऑटोनं यायचा.

गेल्या वर्षी अभनपूरला मेव्हण्याकडे दुपारचं जेवण होतं. मी दोन पेग घेतले, बहुतेक अडीच. कायद्याची हद्द मला पाठ होती, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्राम. दोन पेग म्हणजे हद्दीच्या आतच, अशी माझी पक्की समजूत. वरून सदर बाजारातून बांधून आणलेलं मिठा पान चघळलं, तांब्याभर ताक प्यालो. सुधाकर म्हणाला, "चूळ भर अन् पंधरा मिनिटं बस. तोंडातली जाऊ दे, मग फुंक."

फुंकलं. बावन्न.

"तुही मशीन बिघडली आहे," मी म्हणालो. "दोनच तर घेतले."

"कायदा पेग नाही मोजत, भाऊ, रक्तातली मोजते. पानानं वास दबते, दारू नाही उतरत. तिले टाइमच लागते."

मी किल्ली मुठीत आवळून बसलो. मृणाल उठली, माझी बोटं सोडवून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "बाबा, काका चलाएँगे." माझ्याच गाडीत मी मागे, ती पुढे त्याच्या शेजारी, आणि रायपूर येईपर्यंत दोघांच्या गप्पा. तो चुकला असता तर भांडून मोकळा झालो असतो. तो बरोबर होता, म्हणून जास्त जळलो. पुढे चार महिने त्याच्या घरची पायरी चढलो नाही. तो मात्र दर रविवारी फोन करायचा... मृणालला.

तेरवीला सुधाकरच्या बायकोनं, वहिनींनी, ते यंत्र दिलं, तेही तिलाच.

मागच्या रविवारी तिला वहिनींकडे सोडायचं होतं. सुधाकर गेल्यापासून मी थेंबालाही शिवलो नव्हतो. तरी गाडीत बसल्यावर, तिनं काही म्हटलं नसताना, तिच्या पर्समधून यंत्र मागून घेतलं, फुंकलं आणि तिच्यासमोर धरलं. शून्य.

तिनं पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "काका को तो हमने कभी फूँकने को कहा ही नहीं, बाबा."

मी यंत्र तिला परत दिलं आणि गाडी काढली. सुधाकर चालवायचा तशी, हळू, एका लयीत. मी त्याची नक्कल करतोय हे तिच्या लक्षात येऊ नये, एवढंच वाटत होतं.